बाग विकून टेनिस करावं का?

"ताई, नमस्कार. मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मुलगी चौदा वर्षांची आहे, सातव्या वर्षापासून टेनिस खेळते. तिच्यासाठी चार वर्षं झाली, नाशिकला गंगापूर रोडला भाड्याने राहतोय, मी रोज बागेत ये-जा करतो. राज्यात तिच्या वयोगटात ती पहिल्या आठ-दहात असते (मनगट जरा दुखतं, पण पट्टी बांधून खेळते). तिचे सर म्हणतात, नाशिकमध्ये राहून काही व्हायचं नाही. शाळा सोडा, १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी द्या आणि तिला स्पेनच्या अकादमीत पाठवा. आत्ता नाही तर कधीच नाही. जोकोविचच्या वडिलांनी कर्ज काढलं म्हणून तो जोकोविच झाला. मी विहिरीकडची एक एकर विकायच्या विचारात आहे. बागेचं तसंही काही खरं राहिलं नाही, दोन वर्षांत दोनदा गारपीट झाली. मंडळी विरोधात आहे. मुलीचा प्रत्येक सामना मी फवारणीच्या वहीत मागच्या पानांवर लिहून ठेवतो. मागच्या महिन्यात पुण्याला ती पहिल्याच फेरीत हरली. परत येताना चाकणपासून सिन्नरपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, मीही नाही. काय करू?"

दादा, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. एकर, स्पेन, जोकोविच सगळं कंसाबाहेर, आणि पोरीचं मनगट कंसात. मी तिथूनच सुरुवात करते.

चौदाव्या वर्षी हाडं अजून वाढत असतात. हाडाच्या टोकाशी जी कूर्चा असते तिथून हाड लांब होतं, आणि ती जागा नाजूक असते. तिथे रोज काही शे झटके बसले की दुखणं सुरू होतं. पट्टीने ते बरं होत नाही, पट्टीने फक्त खेळता येतं. मी शाळेत खेळशिक्षिका होते तेव्हा एका विभागीय सामन्याला मीच एका मुलीच्या मनगटाला पट्टी बांधून तिला उतरवलं होतं. जिंकलो, पेढे वाटले. पुढे कित्येक महिने त्या मुलीला स्वतःची वेणी घालता येत नव्हती, आई घालून द्यायची. चूक सर्वस्वी माझी होती, आणि त्या मुलीने मला कधी बोल लावला नाही याचंच जास्त लागतं.

म्हणून या आठवड्यात खेळाडूंना तपासणाऱ्या हाडांच्या डॉक्टरकडे जा, आणि ते सांगत नाहीत तोवर रॅकेट बंद. दुसरं, तिच्या रॅकेटचं गटिंग कशाचं आहे ते बघा. मोठ्या मुली पॉलिएस्टरची तार वापरतात म्हणून लहानांच्या रॅकेटलाही तीच, आणि तीही ताणून बसवतात. त्या तारेने चेंडूला फिरकी चांगली मिळते, पण धक्का सगळा हातात येतो. मऊ तार घाला, ताण थोडा उतरवा, रॅकेटची मूठ तिच्या हाताच्या मापाची आहे ना ते तपासा. यातलं काहीही करायला एकर विकावी लागत नाही.

मनगटाचं मी उगाच वाढवतेय असं वाटत असेल तर ही नावं बघा. अर्जेंटिनाच्या हुआन मार्टिन डेल पोट्रोने विसाव्या वर्षी, २००९ मध्ये अमेरिकन ओपन जिंकली, तीही अंतिम सामन्यात फेडररला हरवून. मग आधी उजवं मनगट आणि नंतर डावं, एकामागून एक शस्त्रक्रिया. ऑस्ट्रियाच्या डॉमिनिक थिएमने २०२० ची अमेरिकन ओपन जिंकली, पुढच्याच वर्षी मनगट गेलं, आणि २०२४ मध्ये एकतिसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला. आपली सानिया मिर्झा २००७ च्या ऑगस्टमध्ये एकेरीत जगात २७वी होती. पुढच्या वर्षी मनगटाची शस्त्रक्रिया झाली, आणि एकेरीत ती पुन्हा त्या जागेवर पोचली नाही. पुढे एकेरी सोडून दुहेरीत ती २०१५ मध्ये जगात पहिली आली, हा तिचा चिवटपणा.

आता सरांचं 'आत्ता नाही तर कधीच नाही'.

जोकोविचची गोष्ट खरी आहे. बाराव्या वर्षी तो जर्मनीत म्युनिकजवळच्या अकादमीत गेला आणि घरच्यांनी त्यासाठी कर्ज काढलं. पण त्याच्याहून एकच वर्ष मोठ्या नदालची गोष्ट सरांनी तुम्हाला सांगितली का? तो चौदा वर्षांचा असताना त्याला बार्सिलोनाला बोलावणं आलं होतं. घरच्यांनी नाही म्हटलं, शिक्षणाचं नुकसान होईल म्हणून. पोरगा मानाकोरला घरीच राहिला, काका टोनीच्या हाताखाली खेळला आणि चौदा वेळा फ्रेंच ओपन जिंकला. म्हणजे घर सोडूनही होतं आणि न सोडताही होतं. कर्ज काढणारे बाप तर जगात हजारो असतील. ज्यांची मुलं चारशेव्या नंबरावर थांबली, त्यांची मुलाखत घ्यायला कोणी जात नाही.

वयाचंही तसंच. मार्टिना हिंगिस १९९७ मध्ये सोळाव्या वर्षी जगात पहिली झाली, हे खरं. बाविसाव्या वर्षी घोट्याच्या दुखण्याने तिला एकदा खेळ सोडावा लागला, हेही खरं. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाती चौदा पूर्ण व्हायच्या आत व्यावसायिक झाली, त्याच वर्षी फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत पोचली, १९९२ ला बार्सिलोनात स्टेफी ग्राफला हरवून ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. आणि सतराव्या वर्षी कोसळली. खेळ सुटला, नको त्या बातम्या आल्या. ती परत आली आणि २००१ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, जगात पहिली झाली. मधली वर्षं मात्र तिला कोणी भरून दिली नाहीत.

तिच्यासारख्यांची उदाहरणं बघूनच महिलांच्या टेनिसमध्ये वयाचा नियम आला. चौदा वर्षांच्या मुलीला व्यावसायिक स्पर्धा वर्षाला मोजक्याच खेळता येतात, वय वाढेल तशी संख्या वाढते, आणि अठराव्या वर्षी बंधन सुटतं. म्हणजे तुम्ही उद्या एकर विकून तिला स्पेनला ठेवलं तरी नियमच तिला धावू देणार नाही. हे सरांना माहीत असायला हवं.

माझी सगळ्यांत आवडती मात्र अ‍ॅश बार्टी. पंधराव्या वर्षी मुलींची विम्बल्डन जिंकली. अठराव्या वर्षी, २०१४ मध्ये, म्हणाली पुरे झालं, आणि घरी गेली. मग काय केलं? क्रिकेट! ब्रिस्बेन हीटकडून महिलांची बिग बॅश खेळली. २०१६ मध्ये टेनिसला परत आली, २०१९ मध्ये फ्रेंच ओपन जिंकून जगात पहिली झाली, मग विम्बल्डन, मग घरची ऑस्ट्रेलियन ओपन. आणि २०२२ च्या मार्चमध्ये, पहिल्या नंबरावर बसलेली असताना, पंचविसाव्या वर्षी खेळ सोडून मोकळी झाली. चीनची ली ना तर २००२ मध्ये खेळ सोडून विद्यापीठात शिकायला गेली होती. दोन वर्षांनी परतली, २०११ मध्ये एकोणतिसाव्या वर्षी फ्रेंच ओपन जिंकली. आपला रोहन बोपण्णा दुहेरीत पहिल्यांदा जगात पहिला आला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. (सर म्हणतील, दुहेरीचं वेगळं असतं. असतंच. पण त्रेचाळीस म्हणजे त्रेचाळीस.)

तेव्हा घाई करायचीच तर मनगटाची करा. बाकी कशालाच इतकी घाई नाही.

नाशिकमध्ये राहून काही होत नाही, हे मात्र मला अर्धंच पटतं. सावरपाड्याची धावपटू कविता राऊत आपल्याच जिल्ह्यातली, चांदवडकडचा दत्तू भोकनळ रोइंगमध्ये ऑलिंपिकला गेला, विदित गुजराथी ग्रँडमास्टर झाला तो नाशिकचाच. पण पळायला रस्ता लागतो, बुद्धिबळाला पट आणि लॅपटॉप. टेनिसला समोर तोडीचं कोणीतरी लागतं, रोज. तुमच्या लेकीइतकं खेळणाऱ्या मुली नाशिकमध्ये किती? तीन? चार? सरांच्या म्हणण्यात खरं आहे ते एवढंच. पण त्यावर उपाय स्पेनच्या आधी पुणे आहे. अंकिता रैना अहमदाबादची, ती पुण्यात येऊन घडली. आणि पुण्याच्याही आधी, तिला तिच्याहून मोठ्या मुलांबरोबर खेळवा. सोळा-सतराची मुलं जोरात मारतात, हरवतात, आणि फुकट असतात.

आता पैसे. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण विहिरीकडची एकर म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

टेलिव्हिजनवर दिसतं ते शिखर. २०२५ च्या अमेरिकन ओपनला एकेरीच्या विजेत्याला पन्नास लाख डॉलर मिळाले, आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही एक लाख दहा हजार. बायका-पुरुषांना सारखेच. पण त्या फेरीत असायला मुळात आत शिरावं लागतं. मुख्य स्पर्धेत १२८ जणी असतात, त्यातल्या शंभरेक थेट क्रमवारीवरून येतात, उरलेल्या पात्रता फेरीतून किंवा आयोजकांच्या मर्जीने. म्हणून टेनिसमध्ये पहिल्या शंभरात असण्याला इतकं महत्त्व. शंभराच्या आत उत्पन्न आहे, बाहेर खर्च आहे.

सगळ्यांत खालच्या पायरीवर पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धा असतात. पंधरा हजार हे सगळ्या खेळाडूंचं मिळून बक्षीस. तिथे मुख्य फेरीत पहिला सामना हरलं की हाती दीडशे डॉलरच्या आसपास पडतात. त्यातून विमान, हॉटेल, जेवण, गटिंग, कपडे धुण्याचे पैसे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ च्या आकड्यांवरून हिशेब काढला होता: एका महिला खेळाडूचा वर्षाचा खर्च चाळीस हजार डॉलरच्या घरात, आणि त्यात प्रशिक्षकाचा खर्च धरलेलाच नव्हता. खर्च आणि कमाईची तोंडमिळवणी कुठे होते, तर महिलांमध्ये जगात २५३व्या क्रमांकाला. आजच्या भावाने चाळीस हजार डॉलर म्हणजे पस्तीस लाखांच्या आसपास, दर वर्षी. तुमची एकर किती वर्षं पुरेल ते तुम्हीच काढा.

सुमित नागलचं आठवतं का? २०२३ मध्ये भारताचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू असताना त्याने सांगितलं होतं की खात्यात नऊशे युरो उरलेत. ते वाचून मदत करणारे पुढे आले, जानेवारीत त्याने ऑस्ट्रेलियन ओपनला मानांकित बुब्लिकला हरवलं आणि २०२४ च्या जुलैत तो ६८वा झाला. शेवट गोड झाला. पण देशातल्या सगळ्यांत चांगल्या खेळाडूची ही गत असेल तर राज्यातल्या आठव्या-दहाव्या मुलीच्या बापाने काय समजायचं?

आणि मिळवलेले गुण साठत नाहीत. क्रमवारी बावन्न आठवड्यांची असते, गेल्या वर्षीचे गुण त्याच स्पर्धेच्या वेळी गळून पडतात. ब्रिटनच्या एमा रादुकानूने २०२१ मध्ये अठराव्या वर्षी, पात्रता फेरीतून येऊन, एकही सेट न गमावता अमेरिकन ओपन जिंकली. पुढच्या वर्षी तिथेच पहिल्या फेरीत हरली आणि अकरावरून थेट त्र्याऐंशीवर गेली. तुम्ही म्हणता बागेचं काही खरं नाही. दादा, टेनिसवर गारपीट होत नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं? निदान गारपिटीनंतर जमीन तरी जागेवर असते.

एकेरीत पहिल्या शंभरात आजवर भारताची एकच मुलगी पोचली, सानिया. हे मी तुमच्या लेकीचा हिरमोड करायला सांगत नाही. दुसरी कोणीतरी होणारच आहे, ती तुमची का असू नये? पण जिथे एकच पाऊलवाट उमटलीय तिथे शाळेचा दाखला घरी ठेवून निघू नये, इतकंच.

कारण शाळेने टेनिस बुडतं हेही खरं नाही. याच रादुकानूने त्या अमेरिकन ओपनच्याच वर्षी बारावीच्या तोडीची परीक्षा दिली होती, गणितात सर्वोच्च श्रेणी घेऊन. शिवाय एक रस्ता आपल्याकडे अजून नीट ठाऊक नाही: अमेरिकेतली विद्यापीठं चांगल्या खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात, तिथे शिक्षण होतं, रोज तोडीच्या मुलींशी खेळ होतो आणि स्पर्धांचा प्रवास विद्यापीठाच्या खर्चाने. डॅनिएल कॉलिन्स तिथूनच आली. दोनदा आंतरविद्यापीठ विजेती झाली, मग व्यावसायिक, आणि २०२२ ला ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात बार्टीसमोर उभी होती. आपली ऋतुजा भोसले टेक्सासच्या विद्यापीठात खेळून आली आणि हांगझोच्या आशियाई खेळांत बोपण्णाच्या जोडीने मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. त्या दारातून आत जायला शाळेचे गुण लागतात. तेव्हा १७ नंबरचा फॉर्म सध्या राहू द्या. मुख्याध्यापकांना भेटून हजेरीत सवलत मागा, खेळाडूंना बहुतेक शाळा देतात.

मग करायचं काय? एकर विकू नका. सातबारा आहे तसा राहू द्या. वर्षाच्या उत्पन्नातून जेवढं झेपेल तेवढी रक्कम मंडळीबरोबर बसून ठरवा. मंडळी विरोधात आहे, हे तुम्ही तीन शब्दांत उरकलंय, का विरोधात ते लिहिलंच नाहीत. मला वाटतं तिलाही ते मनगट दिसतंय. मनगट बरं झालं की दोन वर्षं देशातल्या देशात खेळवा. ज्युनियरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा जे-३० पासून सुरू होतात, त्या आणि जे-६० भारतातही होतात. तिथे ती फेऱ्या पुढे जाऊ लागली, देशात कितवी आणि आशियात कितवी याचं उत्तर मिळू लागलं, की पुढचं बोलू. ज्युनियर ग्रँड स्लॅमला जगातून चौसष्ट जणी खेळतात. सोळा-सतराव्या वर्षी ती त्या चौसष्टांच्या आसपास दिसली तर मला परत पत्र लिहा, तेव्हा मी कदाचित वेगळं सांगेन.

स्पेनला जायचंच असेल तर सुट्टीत तीन आठवड्यांच्या शिबिराला पाठवा, बघून येऊ द्या. अकादमीकडून खर्चाचा पूर्ण तक्ता लेखी घ्या. आणि मुलगी पाठवली तर सरांना तिकडून काही मिळतं का, हे सरांनाच सरळ विचारा. सर चांगले असतील तर त्यांना राग येणार नाही.

बागायतदाराला छाटणी शिकवायचा आगाऊपणा करते. एप्रिलच्या खरड छाटणीला तुम्ही घड धरता का? तेव्हा काडी तयार करता, डोळे पोसता, घड ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर. तुमच्या घरात आत्ता एप्रिल चालू आहे.

राहता राहिली वही. पुढच्या पानांवर डावणी, भुरी, कोणतं औषध किती लिटरला. मागच्या पानांवर पोरीचे डबल फॉल्ट. तुम्ही प्रेमानेच लिहिता, ते पत्रातून कळतं. पण प्रत्येक चूक मोजणारा बाप कोर्टाच्या जाळीबाहेर बसलाय, हे तिला सर्व्हिस करताना दिसत असणार. त्या वहीत ती जिंकल्यावर कशी हसली, हे कुठे लिहिलंय का? तिला टेनिस आवडतं का, हे तुमच्या अख्ख्या पत्रात कुठेच नाही. तुम्ही काय ठरवलंय, सर काय म्हणतात, मंडळी काय म्हणते, सगळं आहे. ती काय म्हणते?

पुढच्या वेळी पुण्याहून येताना, जिंकलेली असो की हरलेली, वही घरी ठेवलेली असू द्या. नारायणगावला गाडी थांबवा. सामन्याचं काही विचारू नका, काय खाणार तेवढं विचारा. संगमनेर यायच्या आत ती आपणहून बोलायला लागेल असा माझा अंदाज आहे. काय बोलली ते मला कळवा.

तुमची,
ताई